वालाच्या शेतातलं चितळ

माझा हात थरथरत नाही. कॉलेजात असताना पिस्तूल नेमबाजीच्या शिबिरात सरांनी हे पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर सांगितलं, आणि पुढची कित्येक वर्षं मी त्या एका वाक्याच्या जोरावर काढली. त्या हाताने मला राज्याच्या संघात नेलं, खेळाडूंच्या कोट्यातून ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी मिळवून दिली. आणि एका माघ महिन्यात, काशीगावच्या मागे डोंगराला लागून असलेल्या मामाच्या वाडीवर, त्याच हाताने मी एक चितळ मारलं.

याला आता बारा-तेरा वर्षं झाली. मी तेव्हा तिशीची होते. लग्न ठरत नव्हतं आणि त्याचं मला फारसं काही वाटतही नव्हतं. वाटत होतं ते वेगळंच. त्या हिवाळ्यात राज्याच्या संघातून माझं नाव गळलं होतं. माझ्या जागी आलेली मुलगी एकोणीस वर्षांची होती. तिचे गुण माझ्याहून चांगले होते, म्हणजे अन्याय झाला असं म्हणायचीही सोय नव्हती. ऑफिसातले लोक विचारायचे, "काय मॅडम, यंदा स्पर्धा नाही?" मी हसून वेळ मारून न्यायचे आणि मग दिवसभर फायली आपटत राहायचे.

काशीगाव हे माझ्या आईचं माहेर. आम्ही राहायचो मीरा रोडला, पण सुट्टी लागली की रिक्षाने मामाकडे. मामाची जमीन हायवेपासून आत होती. पावसाळ्यात भात, आणि भात निघालं की त्याच ओलीवर वाल. जमिनीच्या वरच्या अंगाला तारेचं कुंपण, आणि तारेपलीकडे राखीव जंगल. तार एका ठिकाणी वाकलेली होती. तिथून चितळं उतरायची. लहानपणी आम्हा मुलांना ती संध्याकाळी लांबून दिसायची, आणि कुणी बोललं की नाहीशी व्हायची.

आसपासच्या जमिनींना भाव यायला लागला तेव्हा मामाने परवाना काढून रिव्हॉल्व्हर घेतली. स्वतःच्या रक्षणासाठी, असं तो म्हणायचा. ते रक्षण नक्की कुणापासून करायचं होतं ते आम्हाला कधी कळलं नाही. लग्नकार्यात सफारीच्या आत ती कमरेला असायची, आणि पंगतीला बसताना तो सफारीचं टोक हळूच मागे सारायचा. पण माणूस प्रेमळ होता. माझ्या पहिल्या पदकाचे पेढे त्याने सगळ्या गावाला वाटले होते.

वाडीवर राखणीला जवळच्या पाड्यावरचं एक आदिवासी जोडपं होतं. शेताच्या कडेलाच त्यांची झोपडी होती. आम्ही त्यांना काका-काकी म्हणायचो. काका मामाला शेट म्हणायचे आणि मला, मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून, ताई. बोलायचे फार कमी. पाण्यावर पक्षी उतरले की न हलता कसं बसायचं ते मला त्यांनीच शिकवलं होतं. मी सरांच्या हाताखाली गेले त्याच्या कितीतरी आधी.

तर त्या शनिवारी संध्याकाळी वाडीवर पोपटी होती. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी मडक्यात भरून, भांबुर्ड्याचा पाला लावून, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. हंगामातली ती शेवटचीच पोपटी. शेंगा निबर व्हायला लागल्या होत्या. मामा शेतात फेरी मारून आला तो चिडूनच.

"चितलांनी अर्धा वाल खाल्ला," तो म्हणाला. "राखन कशाची करतोय आम्ही, त्यांच्या जेवनाची?"

मामी म्हणाली, "दर वर्षी खातात. आताच काय झालं?"

मामा माझ्याकडे वळला. डोळ्यांत जरा गंमत होती. "काय गो नेमबाज? कागद कोन पन फोडील. जिवंत जनावर समोर उभा ऱ्हायला, त तुजा हात तसाच ऱ्हाईल का?"

चितळ मारणं हा गुन्हा आहे हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वाडीकडे वळणाऱ्या रस्त्यावर तशी पाटीच होती. मामाचे वडील जुन्या काळी शिकार करायचे, त्या गोष्टी घरात सांगितल्या जायच्या, पण त्या गोष्टीच होत्या. मला "काहीतरीच काय मामा" एवढं म्हणून विषय संपवता आला असता. मामानेही तो संपवला असता.

जाळावर पेंढा टाकत असलेले काका माझ्याआधी बोलले. "नको शेट. येतात, खातात, जातात. थोडाच ऱ्हायलाय वाल आता."

"तुला विचारलं का?" मामा म्हणाला.

काका पुन्हा पेंढा टाकायला लागले. आणि मी म्हटलं, "उद्या बघू."

हे दोन शब्द मी का म्हटले याचा मी पुष्कळ विचार केलाय. मामाला खूश करायचं होतं म्हणून, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते खरं नाही. मला कुणीतरी नेम मारायला सांगत होतं, आणि त्या हिवाळ्यात दुसरं कुणीच सांगत नव्हतं.

रविवारी दुपारी मामाने रिव्हॉल्व्हर रिकामी करून माझ्या हातात दिली. माझ्या खेळातल्या पिस्तुलाचा चाप बोटाच्या नुसत्या इशाऱ्यावर सुटतो. हिचा चाप घट्ट होता, ओढताना नळी उजवीकडे जायची. मी ओट्यावर बसून तासभर रिकामी रिव्हॉल्व्हर भिंतीवरच्या खिळ्यावर रोखून चाप ओढत राहिले. शेवटी नळी हलायची थांबली. तो तासभर मी फार आनंदात होते, हेही लिहायला हवं.

चार वाजता आम्ही तिघं शेतात गेलो. पेंढ्याच्या ढिगामागे मी आणि मामा बसलो. तारेच्या वाकलेल्या जागेपासून तो ढीग वीसेक पावलांवर होता. वारा आमच्या तोंडावर येत होता. तो ढीग काकांनी दाखवला होता, कारण मामाने त्यांना जागा विचारली होती आणि विचारल्यावर त्यांना सांगणं भाग होतं. स्वतः ते थोडे मागे, बांधाच्या आडोशाला बसले. हायवेवरून ट्रकची घरघर सारखी येत होती. लग्नसराई होती, कुठेतरी फटाके वाजत होते. मामा कानात म्हणाला, "बरंच हाय. आवाज कुनाला कललाच न्हाय पायजे."

ऊन उतरलं तशी ती आली. आधी एक मादी, तारेपाशी थांबून बराच वेळ उभी. मग आणखी दोन. मग एक नर आणि त्याच्यामागे एक लहान. नराची शिंगं नवी फुटत होती, जाड, बोथट, वर मऊ लव असलेली. तो वालाच्या ओळीत शिरला आणि मान खाली घालून खायला लागला.

आमच्या खेळात लक्ष्याकडे बघायचं नसतं. नळीच्या टोकाला जी माशी असते ती स्पष्ट दिसली पाहिजे, लक्ष्य मागे धूसर राहिलं पाहिजे. मी तेच केलं. मला काळी माशी दिसत होती आणि तिच्यामागे तांबूस काहीतरी. श्वास अर्धा सोडला, थांबवला, चाप ओढला. चितळ असं मला त्या क्षणी काही दिसलंच नाही.

आवाज झाला, आणि तांबूस रंग हवेत उडाला. बाकीची चारही एका झेपेत तारेपलीकडे. जंगलातून त्यांचं ओरडणं येत राहिलं, कुत्र्याच्या भुंकण्यासारखं, बारीक. नर मात्र तारेकडे न जाता खाली नाल्याच्या दिशेने पळाला.

"लागली!" मामाने माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास माजी वाघीन!"

काका पुढे झाले. जमिनीकडे बघत, मध्येच वाकून वालाच्या पानाला बोट लावत ते चालत होते. पानांवर रक्ताचे थेंब होते. मी रिव्हॉल्व्हर घेऊन मागे. थाप पडलेली जागा अजून गरम वाटत होती. थोडं अंतर गेल्यावर ते थांबले आणि हाताने खूण केली.

नाला कोरडा होता. चितळ पुढचे पाय दुमडून त्यात बसलं होतं. पडलं नव्हतं, मान ताठ होती. पोटाच्या मागच्या बाजूला जखम होती. म्हणजे माझा नेम हातभर चुकला होता. कान सारखे फिरत होते, आमच्याकडे, मग हायवेच्या आवाजाकडे, मग परत आमच्याकडे. मी जवळ गेले तरी ते उठलं नाही. उठताच येत नसावं.

"लवकर कर ताई," काका म्हणाले. त्या दिवशी ते माझ्याशी तेवढंच बोलले. त्यांनी खाली वाकून त्याच्या मानेवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट कानाच्या मागे टेकवून मला जागा दाखवली. मग बोट काढलं. या वेळी माशी, लक्ष्य असलं काही नव्हतं. नळी जवळजवळ टेकलेली होती. मला सगळं स्पष्ट दिसलं.

नंतर काका त्याच्या मानेवरचा हात तसाच ठेवून आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटले. मला ते समजलं नाही. मी विचारलंही नाही. मी त्याच्या शिंगांना हात लावला. ती लव अजून गरम होती.

मामाने मांस वाटलं. त्याच्या घरी बराचसा वाटा, एक मागचा पाय काकांना, आणि मला स्टीलच्या डब्यात भरून. कातडं आणि डोकं नाल्याच्या कडेला पुरायचं काम काकांना सांगितलं. मी रिक्षाने मीरा रोडला आले. मांडीवर डबा. घरी सांगितलं, मामाने मटण दिलंय. आईने रस्सा केला. वडील म्हणाले, "चांगलं आहे, जरा चिवट आहे." मी दोन वेळा वाढून घेतलं.

बुधवारी ऑफिसात मामाचा फोन आला. त्याचा आवाज बारीक झाला होता. कुत्र्यांनी कातडं उकरून काढलं होतं. कुणीतरी पाहिलं आणि वनखात्याला कळवलं. ते लोक सकाळीच आले, झोपडी तपासली, तर आत मांस सुकत घातलेलं. काकांना घेऊन गेले होते.

"काका काय बोलले?" मी विचारलं.

"बोलला, फाशात अडकून मेलेलं सापडलं, मी घेतलं. तेवढाच बोलला. खात्याचे लोक म्हनतात, फासा तूच लावलास." मामाने आवाज आणखी खाली आणला. "हे बघ, फोनवर काय बोलू नको. तू रविवारी इकडे आलीच नव्हतीस. तुजी सरकारी नोकरी हाय. मी वकील देतो त्याला, बाकी सगला बघतो. समजलं का?"

मी म्हटलं, "बरं."

माझ्या टेबलावर तेव्हा आवक-जावकची फाईल उघडी होती. मी फोन ठेवला आणि पुढचं पत्र नोंदवलं. हस्ताक्षर नेहमीसारखंच आलं होतं. नंतर मी तेही पाहिलं.

पुढचे कित्येक दिवस ऑफिसच्या दारात खाकी कपडे दिसले की मी मान फायलीत घालायचे. पण मला कुणी शोधत आलं नाही. कातडं कुत्र्यांनी फाडलेलं, डोकं कुठेतरी ओढून नेलेलं, त्यात गोळीचं भोक कोण बघणार? आणि काकांनी दुसऱ्या कुणाचंही नाव घेतलं नाही. त्यांना जामीन मिळायला दोन महिन्यांच्या वर लागले. मी मामाला फोनवर विचारायचे, "काकांचं काय?" तो म्हणायचा, "चाललंय." तेवढ्याने माझं समाधान व्हायचं, किंवा मी करून घ्यायचे.

ते सुटून आले आणि मामाने त्यांना वाडीवरून काढलं. मला हे मामीकडून कळलं. ती भाजी निवडत सहज बोलली, "खात्याच्या नजरेत आलेला मानूस, तो कशाला ठेवायचा? उगाच उद्या आपल्यावर." झोपडी पाडून तिथे पत्र्याची शेड आली. मी तेव्हा ताटावर बसले होते. मामीला एक शब्द बोलू शकले असते. मी ताक मागितलं.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर मी पुन्हा स्पर्धेत उतरले. मनात कुठेतरी वाटत होतं की आता हात थरथरणार. थरथरायला हवा होता. पण तो दगडासारखा स्थिर राहिला. मला कांस्यपदक मिळालं आणि संघात जागाही. मामा पेढे घेऊन घरी आला. मी त्याच्या हातून पेढा खाल्ला.

खटला चालू राहिला. तारखा ठाण्याला पडायच्या, आणि माझी कचेरीही ठाण्यालाच. तीन-चार वर्षांनी एका दुपारी मी ऑफिसच्या कामासाठी कोर्टाच्या आवारात गेले होते. तिथे झाडाच्या पारावर काका-काकी बसलेले दिसले. काका पांढरा सदरा घालून, मांडीवर कापडी पिशवी. काकी डब्यातून भाकरी काढून त्यांना देत होती. त्यांचा वकील मला कुठे दिसला नाही. मामाने दिलेला वकील पहिल्या वर्षानंतर यायचा बंद झाला होता, हे मला पुढे कळलं. काकांनी मान वर केली, आणि मला वाटलं ते माझ्याकडेच बघताहेत.

मी झेरॉक्सच्या टपरीमागे गेले. टपरीवाल्याने विचारलं, "क्या चाहिए मॅडम?" मी हातातला कुठला तरी कागद पुढे केला आणि म्हटलं, "दो कॉपी." तो कागद कोरा होता. त्याने एकदा कागदाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि कोऱ्या कागदाच्या दोन कोऱ्या प्रती मला काढून दिल्या. मी मागच्या फाटकाने निघून गेले.

त्यानंतर महिन्याभरात मी खेळणं सोडलं. कुणी विचारलं तर खांदा दुखतो म्हणून सांगते. खांद्याला काही झालेलं नाही.

मामा पाच वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेला. रिव्हॉल्व्हर मामीने पोलिसांत जमा केली. मामेभावांनी जमीन विकली, आता तिथे बिल्डरचा पत्रा लागलाय. मामाच्या दिवसांना सगळे त्याच्या दिलदारपणाच्या गोष्टी सांगत होते. मीही एक सांगितली, पेढ्यांची.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी काशिमीऱ्याच्या नाक्यावर रिक्षाची वाट बघत होते. फुटपाथवर एक म्हातारी करवंदं आणि शेवग्याच्या शेंगा घेऊन बसली होती. मी करवंदं घ्यायला वाकले आणि ओळखलं.

"काकी?"

तिने बराच वेळ बघितलं. "ताई ना तू? शेटची भाची."

"हो. काका कसे आहेत?"

"हाय. पाय धरलेत त्याचे. केसमधून सुटला, दोन वर्सं झाली."

सुटले. मला माहीतच नव्हतं. मी कधी चौकशीच केली नव्हती. माझ्या तोंडून एकदम निघालं, "काकी, मी जाऊन सांगते. वनखात्यात, कोर्टात, जिथे सांगायचं तिथे. की चितळ मी मारलं होतं."

एक बाई करवंदांचा भाव विचारायला थांबली होती. काकी तिला म्हणाली, "बीस का पाव." तिला तोलून दिलं, पैसे कनवटीला लावले आणि मग माझ्याकडे वळली.

"तेव्हा सांगायचं व्हतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आता सांगशील, त साहेब म्हनतील, मंग हा तेव्हा खोटं का बोलला? परत बोलावतील. ठाण्याला त्याला कोन उचलून नेईल? तू?"

मी हातात घेतलेली करवंदं परत खाली ठेवली.

"नको सांगू," ती म्हणाली. "भेटायचं तर घरी येऊन भेट. पाड्यावर कोनला पन विचार."

मला जायला आणखी तीन आठवडे लागले. एका रविवारी सकाळी गेले. सोबत काय न्यावं कळेना, शेवटी बिस्किटं आणि चहाची पावडर घेतली. काका ओट्यावर बसून बांबूच्या पट्ट्या काढत होते, टोपलीसाठी. खूप वाळले होते. मला बघून त्यांनी कोयता बाजूला ठेवला आणि बसायला चटईकडे बोट केलं.

मी येताना रस्ताभर वाक्यं जुळवत होते. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "काका, माझी चूक झाली."

त्यांनी मान डोलावली. "शेटची पन झाली. माजी पन. कातडं खोल पुरायला पायजे व्हतं. काळोख पडत व्हता, घाई केली मी."

ते हे खरोखरच मनापासून बोलत होते. इतकी वर्षं त्यांनी स्वतःची चूक म्हणून एवढीच धरून ठेवली होती.

"तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"शेट बोलला व्हता, झोपडी ऱ्हाईल. वकील देतो." मग म्हणाले, "आन घेतलं असतं, त कोनी मानलं असतं का? शिकलेली बाई, सरकारी नोकरी. म्हनले असते, दुसऱ्यावर ढकलतोय."

त्यांनी आत हाक मारली. काकीने एक प्लास्टिकची पिशवी आणून दिली. आत घडी घातलेले कागद होते, कडा मळलेल्या.

"हे कोर्टानं दिलं," काका म्हणाले. "मागनं कोर्टानं दुसरा वकील दिला व्हता, तो बोलला, सुटलास, जा घरी. आत काय लिवलंय ते कोनी वाचून दावलं न्हाय. पोरं वाचतात घरात, शाळेत जातात. पन पोरांकडनं वाचून घ्यायला बरं न्हाय वाटलं. तू वाच."

निकालपत्र मराठीत होतं. मी मोठ्याने वाचायला लागले. आरोपीचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, वय, धंदा मजुरी. आरोपीने राखीव जंगलाच्या हद्दीलगत फासा लावून एक नर चितळ ठार मारलं, त्याचं मांस राहत्या झोपडीत बाळगलं, असा सरकार पक्षाचा आरोप. माझा आवाज मलाच परका वाटत होता. पान उलटलं. फासा जप्त करण्यात आला नाही. पंच आपल्या जबाबावर ठाम राहिले नाहीत. चितळ कसं मेलं याचा वैद्यकीय पुरावा नाही. काका बांबूच्या पट्टीवरून अंगठा फिरवत ऐकत होते. आपल्याबद्दलच्या त्या सगळ्या वाक्यांवर त्यांनी एकदाही 'असं नव्हतं' म्हटलं नाही. मी शेवटाला आले. सबब, संशयाचा फायदा देऊन आरोपीची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे.

"संशयाचा फायदा म्हंजी काय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे," मी म्हटलं, "तुम्हीच मारलं असं कोर्टाला नक्की सांगता आलं नाही."

"आन मी न्हाय मारलं, असं लिवलंय का?"

मी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं, हे मला आधीच माहीत होतं. तरी पाहिला.

"नाही काका."

"म्हंजी मारलं असंल पन."

"हो. तसंच."

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, जुन्या घड्यांवरून नीट दुमडला आणि पिशवीत ठेवला. काकीने काळा चहा आणला. आम्ही तिघं तो प्यायलो. काकांनी आईची चौकशी केली, मामीची केली. माझ्या खेळाबद्दल विचारलं नाही.

मी उठले. काकांनी कोयता पुन्हा हातात घेतला होता. "वरचा रस्ता खनलाय," ते म्हणाले, "खालून जा." मी खालच्या रस्त्याने हायवेला आले.